कातळ, भरड, मळा, खार: कोकणाचे जिल्हे जमिनीवरून ओळखा

सडेकर:

"कोकणात जमीन घ्यायची आहे, कुठला जिल्हा बरा?" हा प्रश्न इथे दर पावसाळ्याआधी उगवतो. उत्तरं येतात ती तालुक्यांच्या नावांची: देवगड घ्या, दापोली घ्या, अलिबाग परवडत नाही. पण जमिनीचा स्वभाव जिल्ह्याच्या हद्दीवर बदलत नाही. राजापूर तालुक्यातल्या एखाद्या किनाऱ्यालगतच्या गावात सड्यावरून खाडीपर्यंत तासाभरात उतरता येतं, आणि त्या तासाभरात पाच जातींची जमीन पायाखालून जाते. म्हणून आधी जमिनीची नावं, मग जिल्हे.

वरून खाली येऊ. सगळ्यात वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. कातळ उघडा पडलेला, माती वीतभरसुद्धा नाही. पावसात गवत आणि रानफुलं, दिवाळीनंतर तव्यासारखा तापतो. त्याखालचा उतार म्हणजे वरकस. इथे पूर्वी नाचणी, वरी, हरीक व्हायचं, आता काजू आणि आंबा. उतार जिथे सौम्य होतो तिथे बांध घालून पायऱ्या काढलेल्या असतात, ती भरड. इथलं भात सर्वस्वी पावसावर. त्याच्या खाली दरीच्या तळाशी मळा. वरच्या सड्यात मुरलेलं पाणी इथे झऱ्यांनी बाहेर येतं, म्हणून मळ्यात पावसाळी भातानंतर वायंगणी (उन्हाळी) भात किंवा कुळीथ, चवळी, भाजी निघते. आणि शेवटी खाडीकाठचं खाजण व समुद्राकडची पुळण, म्हणजे वाळूची जमीन. पुळणीत नारळ-सुपारी.

पाऊस अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर, आंबोलीला त्याच्या दुप्पट, तरी मे महिन्यात टँकर का, याचं उत्तरही याच उतारात आहे. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्याखाली पांढरट-जांभळट चिकण मातीचा थर असतो, तो पाणी पीत नाही. मुरलेलं पाणी या थरावरून आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. नद्या इथे आखूड, उतार तीव्र, समुद्र जवळ. डिसेंबर-जानेवारीपर्यंत पुष्कळ झरे आटलेले असतात. म्हणून सड्याच्या मधोमध खोल बोअर मारण्यापेक्षा कडेच्या झऱ्याच्या रेषेत विहीर घेतलेली बरी. जुनी गावं नेमकी त्या रेषेवर का वसली आहेत, ते एकदा गावाचा नकाशा घेऊन पाहा.

आता जिल्हे, थोडक्यात. पालघर, ठाणे आणि उत्तर रायगडात काळा बेसॉल्ट आणि त्याची माती. दक्षिण रायगडापासून जांभा दिसू लागतो, रत्नागिरीत सगळीकडे तोच. सिंधुदुर्गात मालवण-कणकवलीच्या आसपास बेसॉल्ट संपतो आणि फार जुने खडक वर येतात. म्हणूनच रेडीला लोहखनिज सापडतं आणि कासार्ड्याला काच कारखान्यांना लागणारी सिलिका वाळू. गोवा त्याच जुन्या खडकांवर बसलेला आहे.

---

प्रश्नचिन्ह:

उत्तम धागा. एक सरळ शंका. सड्यावरची जमीन उतारापेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि सातबाऱ्यावर बराचसा भाग पोटखराब (लागवडीला अयोग्य) लिहिलेला असतो. पण देवगड, रत्नागिरीला कातळावर हापूसच्या बागा उभ्या दिसतात. मग स्वस्त सडा घेऊन आंबा लावणं हा फायद्याचा सौदा नाही का?

---

चौदाआणे:

सौदा स्वस्त दिसतो, कारण मातीचा खर्च त्यात धरलेला नसतो.

हिशेब करा. पारंपरिक अंतर १० बाय १० मीटर, म्हणजे हेक्टरी १०० कलमं. खड्डा १ बाय १ बाय १ मीटर. कातळात तो कुदळीने होत नाही, ब्रेकर लावा नाहीतर परवानाधारकाकडून सुरुंग. प्रत्येक खड्ड्याला एक घनमीटर माती बाहेरून आणायची. १०० घनमीटर म्हणजे साधारण ३५ ब्रास. शिवाय पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी वाहून न्यायचं. हे सगळं मिळवलं की वरकस उतार पुष्कळदा स्वस्त पडतो.

कातळातल्या बागेत सगळ्यात जास्त कलमं मरतात ती पाण्यावाचून नव्हे, पाण्याने. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. कातळात खणलेला खड्डा म्हणजे दगडाचं पिंप. जुलैत भरतो आणि रिकामा होत नाही, मुळं कुजतात, ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडतात. मालक म्हणतो खत कमी पडलं, आणि आणखी खत घालतो. उपाय एकच: खड्ड्याच्या उताराकडच्या भिंतीला तळापर्यंत चर काढून पाणी बाहेर काढायचं. लावण्याआधी एक पावसाळा रिकामे खड्डे तसेच ठेवून बघा. पाऊस थांबल्यावर ज्यात दोन दिवसांनीही पाणी उभं असेल, त्या खड्ड्याला चर नाही तर कलम नाही. कातळाला जिथे नैसर्गिक भेगा आहेत तिथे खड्डा घेतला तर मूळ पुढे स्वतःची वाट काढतं.

कोयकलम लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून येणारी फूट दर पंधरा दिवसांनी खुडायची. ती राहिली तर खालचं रायवळ झाड जोरात वाढतं, वरचा हापूस दबतो आणि मालकाला हे सात वर्षांनी, पहिल्या फळाला कळतं.

---

प्रश्नचिन्ह:

आणि ते कल्टार? कोणी म्हणतं त्याशिवाय आंबा धरत नाही, कोणी म्हणतं झाड मारतं.

---

चौदाआणे:

दोन्ही अर्धं खरं. हापूस एक वर्षाआड धरणारी जात. कल्टार (पॅक्लोब्युट्राझॉल) झाडाची पालवी रोखतं आणि मोहोर लवकर, नियमित आणतं. दापोली कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे: दहा वर्षांवरचं निरोगी झाड, वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी व्यास काढायचा, दर मीटरला ३ मिली. म्हणजे एकीकडून ८ मीटर आणि दुसरीकडून ६ मीटर असेल तर सरासरी ७, औषध २१ मिली. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळायचं. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर गोलाकार २५ ते ३० भोकं पाडायची, १०-१२ सेंटिमीटर खोल, आणि द्रावण सगळीकडे सारखं ओतून भोकं बुजवायची. त्याआधी झाडाभोवतीचं गवत काढलेलं हवं, नाहीतर अर्धं औषध गवत खातं. मुसळधार पावसात ओतलं तर वाहून जातं.

चुकतं कुठे? बाग दोन-तीन वर्षांच्या कराराने दिली की घेणाऱ्याला झाडाच्या पुढच्या तीस वर्षांशी देणंघेणं नसतं. मात्रा दुप्पट होते, खत शून्य. मग पेरं आखूड होतात, मोहोर गुच्छासारखा आखडतो, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. करार करताना कल्टारची मात्रा, शेणखत आणि पोटॅश लेखी लिहून घ्या. तोंडी बोली कामाची नाही.

काढणी चौदा आणे तयार फळाची, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वतेला. देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून नूतन झेल्याने (फळ झेलायची जाळी लावलेल्या काठीने) काढायचं. देठ तुटला की चीक सालीवर पसरतो आणि तिथे काळा डाग पडतो. फळ झाडावर जास्त ठेवलं तर साका होतो. बाहेरून आंबा देखणा, आत गर पांढरट, फोकळ, आंबूस. त्याचं मूळ कारण फळ झाडावर असतानाच कोय रुजायची तयारी करू लागते हे आहे, आणि तापलेल्या जमिनीची धग ते वाढवते. म्हणून झाडाखाली गवत-पाल्याचं आच्छादन ठेवायचं. काढलेलं फळ उन्हात पडू द्यायचं नाही. दापोलीच्या 'रत्ना' (नीलम आणि हापूस यांचा संकर, १९८१) आणि 'सिंधू' (रत्ना आणि हापूस, १९९२) या जातींत साका नाही, पण बाजार अजून हापूसच मागतो.

---

बागवान७२:

मग खरा हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, तेही सांगून टाका!

---

चौदाआणे:

तो वाद पेटीच्या भावाचा आहे, चवीचा थोडा. २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन 'हापूस' या नावाने सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाचही जिल्ह्यांना आहे. पुढे चला.

---

उघाडी:

सडेकर, एक दुरुस्ती. तुम्ही खाडीकाठच्या सगळ्या जमिनीला खाजण म्हणून मोकळे झालात. पेण-अलिबागकडे भरतीचं पाणी खेळतं ती चिखलाची, कांदळाची जमीन म्हणजे खाजण. तिला बांध घालून भाताखाली आणली की ती खार. गोव्यात मात्र बांध घातलेल्या शेतालाच खाजन म्हणतात. कागद वाचताना हा फरक महागात पडू शकतो, कारण खाजणावर कांदळवन असेल तर ते तोडायला कायद्याने बंदी आहे. बांध फुटून चार-पाच वर्षं दुरुस्त झाला नाही तर खारीतही कांदळ उगवतं, आणि मग सातबाऱ्यावर भातशेती असूनही ती परत लागवडीखाली आणणं कठीण होऊन बसतं. म्हणून खार घेताना शेत बघू नका, बांध बघा.

बांधात बघायचं काय? पहिलं उघाडी. बांधातून पाणी बाहेर सोडायचं दार. झडप वरून बिजागरीवर टांगलेली असते आणि बाहेरच्या, म्हणजे खाडीच्या बाजूला उघडते. भरती आली की बाहेरचं पाणी झडप दाबून बंद करतं. ओहोटी लागली आणि शेतातलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच झालं की तीच झडप आतून ढकलली जाऊन उघडते. माणूस लागत नाही. पण चौकटीवर कालवं बसली, किंवा एक फांदी अडकली, की झडप दोन बोटं उघडी राहते आणि तेवढी फट प्रत्येक भरतीला शेत खारं करायला पुरते. लोखंडी झडप खाऱ्या हवेत गंजून बिजागरीशी अडते. दर पंधरवड्याला ओहोटीच्या वेळी चौकट खरवडायची, एवढंच काम. ते होत नाही.

दुसरं म्हणजे खेकड्यांची बिळं. बिळातून येणारं पाणी आधी स्वच्छ झिरपतं, मग गढूळ होतं. गढूळ झालं म्हणजे बांधाची माती वाहू लागली. त्यानंतर एखाद्या उधाणात तिथे खांड (भगदाड) पडते. बीळ पेंढ्याने बुजवून भागत नाही, आतून खणून काढून चिकण माती ठोकून भरावी लागते.

खारीतल्या भाताचं तंत्र वेगळं आहे. उन्हाळ्यात जमिनीतलं मीठ केशाकर्षणाने वर येतं, मे महिन्यात पांढरी साय दिसते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी शेतात कोंडायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, असं दोन-तीनदा. मीठ धुपल्यावरच पेरणी. रोपं लावण्याऐवजी रहू टाकतात: बी चोवीस तास भिजवून पोत्यात दाबून ठेवायचं, मोड आले की चिखलात फेकायचं. जाती पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या, पनवेल १, २, ३. रहूनंतर पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली तर मीठ पुन्हा वर येतं आणि कोवळं रोप टोकाकडून करपतं. अशा वेळी शेतात गोड पाणी साठवलेलं तळं लागतं. मात्र तळं खोल खणायचा मोह आवरा, खाली खारं पाणी लागलं की सगळं फुकट.

याच अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ साली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप झाला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, आणि सहा वर्षं जमीन पडीक राहिली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात कायदा झाला १९४९ साली.

---

मानशी:

गोव्यातल्या बारदेशातून थोडी भर. तुमची उघाडी ती आमची मानस. रचना तीच, पण तिच्याभोवतीची व्यवस्था वेगळी, आणि खरी गंमत त्या व्यवस्थेत आहे.

खाजन शेतात मानशीच्या आतल्या बाजूला एक खोल पाट-तळं असतं, पोय. शेतातलं पाणी आधी पोयीत, मग मानशीतून बाहेर. भरतीला थोडं पाणी आत घेतलं की मासे, सुंगटां (कोळंबी) पोयीत येतात आणि ओहोटीला मानशीला जाळं लावलं की मिळतात. हा मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीने म्हणजे लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून बांधाची दुरुस्ती होते. गांवकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, पोर्तुगीज कागदांत कोमुनिदाद, हे सगळं बघायची. ही संस्था पोर्तुगीजांच्या आधीची. पोर्तुगीज अधिकारी अफोंस मेशियाच्या १५२६ च्या फोरालमध्ये (सनदेत) तिच्या चालीरीती नोंदवल्या गेल्या. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघाकडे गेली.

बिघाड कुठे झाला तर माशांचं उत्पन्न भातापेक्षा जास्त झालं तिथे. पावणी घेणारा रात्री मानस जास्त वेळ उघडी ठेवतो, कारण जास्त पाणी म्हणजे जास्त मासळी. पोय भरून खारं पाणी कुणग्यांत (भातखाचरांत) चढतं. दोन वर्षांत भात जातं, चार वर्षांत लोक म्हणतात "हें शेत आतां पिकना". मांडवी-जुवारीत बार्जच्या लाटांनीही बांध खाल्ले. पण मानस कोणाच्या हातात आहे, हे आधी विचारा.

कोरगूट हे तिथलं खारं सोसणारं पारंपरिक भात, त्याला आता भौगोलिक मानांकन आहे. उंच वाढतं, लोळतं, उत्पन्न कमी. पण पाण्यात मीठ चढल्यावर संकरित भात मरतं तिथे ते उभं राहतं.

आणि जमीन घेऊ पाहणाऱ्यांसाठी: गोव्यात २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. महाराष्ट्रातही शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. आंबोली, गेळे, चौकुळला सातबाऱ्यावर 'कबुलायतदार गावकर' (गावकऱ्यांची सामाईक जमीन) दिसलं तर दलाल काहीही सांगो, आधी वकील गाठा.

---

तरवा:

भाताबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून. एकाच रोपाला सिंधुदुर्गात तरवा म्हणतात, रत्नागिरीत दाढ, रायगड-ठाण्यात आवण. बी-बियाण्याच्या दुकानात हा घोळ नेहमी होतो.

चारसूत्री पद्धतीवर लोकांचा विश्वास बसत नाही, कारण ती फारच साधी वाटते. डॉ. ना. कृ. सावंत यांनी ती बसवली. सूत्रं अशी: पेंढा किंवा तुसाची राख रोपवाटिकेत मिसळायची, त्यातली सिलिका रोपाला कणखर करते. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीआधी गाडायचा, गुंठ्याला ३० किलो. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतराने, दोरीवर, चुडात दोन-तीन रोपं. आणि १५ बाय १५ च्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची, लावणीच्याच दिवशी. चार चुडांचा एक चौक ४० बाय ४० सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे गुंठ्याला ६२५ गोळ्या, पावणेदोन किलो खत. फेकलेला युरिया कोकणच्या पावसात बांधावरून शेजाऱ्याच्या शेतात जातो. गोळी चिखलात खोल राहते आणि चार चुडांना पुरवून पुरवून मिळते.

चूक होते ती गोळी वरवर ठेवण्यात. दोन सेंटिमीटरवर ठेवलेली गोळी आणि फेकलेला युरिया यांत फरक नाही. आणि दोरी कंटाळून सोडून देतात. मग चौकच राहत नाही, गोळी कुठे खोचणार?

---

प्रश्नचिन्ह:

म्हणजे राब भाजणं बंद करावं?

---

तरवा:

राब म्हणजे शेण, पाला, टहाळ, गवत, वर माती असे थर देऊन रोपवाटिकेची जागा मे महिन्यात भाजणं. तणाचं बी मरतं, राखेतून पोटॅश मिळतं. मूर्खपणा नव्हे. पण त्यासाठी दरवर्षी ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या तोडाव्या लागतात आणि वाळला पालाही जळून जातो, जो कलमांच्या आळ्यात हवा होता. एक-सव्वा मीटर रुंद गादीवाफा करा, त्यात तुसाची राख मिसळा, तण हाताने काढा. रोप तेवढंच चांगलं येतं.

---

सडेकर:

राबाच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं. डोंगराळ भागात जिथे तण काढायला माणूस मिळत नाही, तिथे लोक भाजणारच. निदान टहाळ एका झाडाचे दर तीन वर्षांनी तोडा.

पालघरचं कुणी बोललं नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. किनाऱ्याला डहाणू-घोलवडचा चिकू, त्याला २०१६ चं मानांकन. वाड्याकडे कोलम तांदूळ. पूर्वेला जव्हार-मोखाड्यात नाचणी-वरी आणि वारली वस्ती. चिकू बारमाही थोडाथोडा धरतो म्हणून तिथल्या वाडीत वर्षभर मजूर टिकतो, आंब्यासारखा दोन महिन्यांचा जुगार नाही.

---

रातांबा:

कोकमावर दोन शब्द, कारण घेणारे इथेच फसतात. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते सात-आठ वर्षांनी, फुलावर आल्यावर कळतं. म्हणून कलमंच घ्या आणि शंभरात दहा नर मुद्दाम ठेवा. जात 'कोकण अमृता', ती पावसाआधी आटोपते. साधं झाड मेअखेर-जूनमध्ये पिकतं आणि पहिल्या पावसात रातांबे (कोकमाची फळं) झाडाखाली कुजतात.

आमसुलं करताना फळं फोडून बी-गर वेगळा, सालं वेगळी. गरात मीठ घालून रस सुटू द्यायचा, सालं त्या रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी उन्हात, संध्याकाळी पुन्हा रसात. असं चार-पाच वेळा. काळीकुट्ट, चिवट झाली पाहिजेत. बाजारात लालसर, करकरीत दिसतात ती एकदाच बुडवलेली. आगळाला (खारवलेल्या कोकमरसाला) रसाच्या १५-१६ टक्के मीठ, कमी घातलं तर फसफसतो. भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचं, ॲल्युमिनियमचं नाही. बियांचं मुठेल (घट्ट तेल) करून टाचांच्या भेगांना.

काजूचं बी पडल्यावरच उचलायचं आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवून मगच पोत्यात भरायचं. ओलं भरलं की आतला गर पिवळा पडतो आणि भाव उतरतो. वेंगुर्ले ४ आणि ७ या जाती मोठ्या बियांच्या. ७ बाय ७ मीटरवर हेक्टरी २०० कलमं. ढेकण्या कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर येतो, फवारणी मोहोर करपण्याच्या आधी हवी. खोडकिड्याचं भोक आणि खाली भुसा दिसला की त्याच दिवशी तारेने अळी काढा. बोंडूचं (काजूच्या फळाचं) मात्र गोव्याच्या हद्दीवरची तेरेखोल नदी ओलांडली की नशीब बदलतं. पलीकडे त्याची हुर्राक आणि फेणी ही दारू होते, अलीकडे बहुतेक झाडाखाली सडतो.

---

पोपटी_प्रेमी:

शेतीवर एवढं लिहिलंत, खाण्यावर ओळ नाही!

रायगडात भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल टाकतात, अलिबागला पांढरा कांदा. कांदा पातीसकट वेणीत गुंफून विकतात. पात ओली असताना गुंफली तर वेणी आतून कुजते, कोमेजल्यावर गुंफायची. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी: मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, तोंडाला पुन्हा पाला दाबून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाणी थेंबभर नाही. अर्ध्या तासात होते. भांबुर्डा मिळाला नाही म्हणून केळीचं पान घालणाऱ्यांनी त्याला पोपटी म्हणू नये.

सिंधुदुर्ग-गोव्यात तांदूळ उकडा. साळ भिजवून, फुटेपर्यंत उकडून, वाळवून मग गिरणीत. दाणा तुटत नाही, पेज दाट होते. उत्तरेला तांदूळ न उकडता, सुरय, त्याची भाकरी.

---

तरवा:

सणवारही याच वेळापत्रकावर आहेत. भात घरात आलं की कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रा आणि दशावतार. फाल्गुनात रत्नागिरीत शिमग्याची पालखी घरोघर. लावणीच्या आषाढात मोठी जत्रा ठेवणारं गाव शोधून सापडायचं नाही. आचऱ्याची गावपळणही कापणी झाल्यावरच: तीन दिवस अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर.

---

प्रश्नचिन्ह:

शेवटचा प्रश्न, उघाडी यांना. खारीच्या बांधाला खांड पडली तर दुरुस्तीचा दिवस कसा ठरवतात? भरतीचं कोष्टक प्रत्येकाकडे नसतं.

---

उघाडी:

कोष्टक तिथीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण: भरती बाराच्या आसपास, सहाला खोल ओहोटी. शेतातलं पाणी काढायचं असेल तर हा दिवस, उघाडी सकाळ-संध्याकाळ सहाला तपासायची. खांड मात्र भांगात बांधायची, अष्टमीच्या सुमाराला. तेव्हा भरती कमी चढते. शिवाय आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सकाळी-संध्याकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी. दहापासून दोनपर्यंत उजेडात चार तास हाताशी मिळतात. माती, पेंढा आणि मेखा आदल्या दिवशीच बांधावर आणून ठेवायच्या. दहा वाजता माती शोधायला निघालं की तो पंधरवडा गेला.